मेंढीच्या हाडांचा हिशेब रक्तात कसा वाचायचा

मेंढीचं रक्त काढायला दोन माणसं लागतात. एकाने तिला गुडघ्यांत धरून हनुवटी वर उचलायची आणि मान किंचित एका बाजूला वळवायची. दुसऱ्याने लोकर बोटांनी फाकवून श्वासनळीशेजारच्या खाचेत अंगठा दाबून धरायचा. अंगठ्याच्या वरच्या बाजूला शीर दोरीसारखी फुगून येते, तिथे सुई टोचायची. पाच मिलिलिटर रक्त ट्यूबमध्ये उतरलं की मेंढी सुटते आणि अंग झाडून कळपात शिरते. असंच एकदा काम चाललं होतं. मेंढ्या धरून देणाऱ्या आबांनी विचारलं, "हाडं बघायची म्हनता, मंग रगात कशापायी काढता?"

प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर नीट द्यायचं तर आधी हाडाबद्दलचा एक गैरसमज बाजूला सारावा लागतो. मटणाच्या ताटात किंवा माळावर दिसणारं पांढरं कोरडं हाड हे हाडाचं प्रेत आहे. जिवंत मेंढीच्या अंगातलं हाड ओलं असतं, त्यात रक्त खेळतं आणि ते रोज थोडं मोडून पुन्हा बांधलं जातं. मोडणाऱ्या पेशी वेगळ्या, बांधणाऱ्या वेगळ्या. मोडणाऱ्यांना ऑस्टिओक्लास्ट म्हणतात. त्या हाडाला चिकटून बसतात, आम्ल सोडून खनिज विरघळवतात आणि मागे राहिलेलं प्रथिन कातरतात. त्यांच्या मागून ऑस्टिओब्लास्ट येतात आणि झालेला खड्डा भरून काढतात. खड्डा पडायला काही आठवडे लागतात, भरायला मात्र काही महिने. वेगातला हा फरक लक्षात असू द्या, पुढे तो कामाला येणार आहे.

हाडाची बांधणी समजून घ्यायला धनगरांची वाघर डोळ्यांसमोर आणावी. रात्री मेंढ्यांभोवती लावायची ही जाळी वळलेल्या दोराची असते आणि जागोजागी गाठींनी पक्की केलेली असते. हाडातही अशीच एक जाळी आहे. तिचा दोर म्हणजे कोलॅजेन नावाचं प्रथिन. तो अक्षरशः तीन पेडी असतो, आणि शेजारशेजारचे दोर एकमेकांना रासायनिक गाठींनी बांधलेले असतात. या जाळीच्या फटींत कॅल्शियम आणि फॉस्फरसचं खनिज गच्च भरलं की हाड टणक होतं. हाडातल्या प्रथिनांपैकी सुमारे ९० टक्के हे कोलॅजेनच असतं.

आता दोर वळणाऱ्याच्या पायाशी काय पडलेलं असतं ते आठवा. दोर वळून झाला की दोन्ही टोकांचे सुटे पेड छाटून टाकतात. कोलॅजेनचंही तसंच. पेशी ते बनवते तेव्हा दोन्ही टोकांना जादा तुकडे असतात, ते छाटल्यावरच दोर जाळीत बसतो. छाटलेली टोकं रक्तात येतात. त्यातल्या एका टोकाला पीवनएनपी म्हणतात. रक्तात ते जास्त सापडलं तर कुठेतरी नवा दोर जोरात वळला जातोय. उलट, जुनी जाळी कातरली की गाठीसकट छोटे तुकडे बाहेर पडतात. त्यातला एक तुकडा म्हणजे सीटीएक्स. तो जास्त सापडला तर हाड मोडलं जातंय. आबांच्या प्रश्नाचं थोडक्यात उत्तर हेच: हाड आत आहे, पण त्याची छाटणी आणि कातरण रक्तात वाहत येते.

अशा पदार्थांना खुणा, म्हणजे मार्कर म्हणतात. बांधणीच्या आणखी दोन खुणा मेंढीत बऱ्याच वापरल्या जातात. एक ऑस्टिओकॅल्सिन, हे बांधणाऱ्या पेशींनीच बनवलेलं छोटं प्रथिन. दुसरी अल्कलाइन फॉस्फटेज, म्हणजे एएलपी. हे विकर खनिज भरण्याच्या कामात लागतं आणि त्याची तपासणी कुठल्याही साध्या प्रयोगशाळेत स्वस्तात होते. पण एएलपी एकट्या हाडाचं नाही. यकृत, आतडं आणि गाभणपणात वारही ते बनवते. शिवाय धडधाकट मेंढ्यांमध्येच ते इतकं कमीजास्त असतं, की पुस्तकातली नेहमीची मर्यादा लिटरला सुमारे ७० ते ३९० युनिट अशी ऐसपैस दिलेली असते. म्हणून नुसत्या एकूण एएलपीवर हाडाचा निवाडा करू नये. हाडाचं एएलपी वेगळं मोजता आलं तर त्याला अर्थ आहे.

इथे कुणीही विचारेल, एवढा खटाटोप कशाला? सरळ रक्तातलं कॅल्शियम मोजा की. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडातच तर असतं!

या एका समजुतीमुळे बरेच जण फसतात. रक्तातलं कॅल्शियम हाडाची स्थिती सांगत नाही, कारण ते बदलू नये म्हणून शरीर हाडाचाच बळी देतं. हृदयाचा ठोका आणि स्नायूंचं आकुंचन त्या कॅल्शियमवर चालतं, त्यामुळे ते दर १०० मिलिलिटरला ९ ते १२ मिलिग्रॅमच्या आसपास धरून ठेवावंच लागतं. जरा घसरलं की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी संप्रेरक सोडतात आणि हाडातून कॅल्शियम काढून रक्तात ओतलं जातं. चारा निकृष्ट आहे, हाडं झिजत चालली आहेत आणि तरी रिपोर्टमध्ये कॅल्शियम 'नॉर्मल', हे महिनोन्महिने चालू शकतं. घरातलं धान्य विकून बाजारचा खर्च भागवणाऱ्याच्या खिशात पैसे दिसतात, तसं हे आहे. कणगीत किती उरलंय ते खिसा बघून कळत नाही.

कणगी रिती होतेय की भरतेय, ते खुणा सांगतात. मात्र मेंढीचं वय आणि अवस्था ठाऊक नसेल तर त्या खुणांचा आकडा वाचताच येत नाही. माझ्या मते या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे आणि नेमकी तीच सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाते.

कोकरापासून सुरुवात करू. जन्मल्यावर पहिले काही महिने बांधणीच्या खुणा उच्चांकावर असतात: एएलपी, ऑस्टिओकॅल्सिन, पीवनएनपी, सगळ्याच. त्यात नवल नाही, हाडं लांब होत असतात. पण मोडण्याची खूण सीटीएक्सही कोकरात खूप जास्त असते, हे पाहून नवखा माणूस दचकतो. कारण साधं आहे. हाड फुग्यासारखं नुसतं फुगवून मोठं करता येत नाही. बाहेरून थर चढवताना आतून खरवडावं लागतं, नाहीतर पोकळी मोठी होणार नाही आणि आकार बिघडेल. त्यामुळे वाढत्या कोकरात मोडणं आणि बांधणं दोन्ही धडाक्यात चालतं, फक्त बांधणं पुढे असतं. कोकराच्या रक्तात फॉस्फरसही मोठ्या मेंढीपेक्षा जास्त असतो. हे आकडे मोठ्या मेंढीच्या मर्यादेशी ताडून पाहिले तर कळपातलं प्रत्येक निरोगी कोकरू आजारी ठरेल.

पुढे वाढ मंदावते तशा खुणा उतरत जातात. ही उतरण किती लांबते हे पायाच्या हाडावरून समजतं. मेंढीच्या पुढच्या पायाच्या नळीचं खालचं टोक, जिथे वाढीची कूर्चा असते, साधारण दीड ते दोन वर्षांत सांधून एकजीव होतं. त्या नळीच्या वरच्या हाडाचं मनगटाजवळचं टोक सांधायला तीन वर्षांच्या आसपास लागतात. म्हणजे दोन दाती, दीडेक वर्षाची मेंढी, जिला आपण मोठी समजतो आणि जिला कदाचित पहिलं कोकरूही झालेलं असतं, तिची स्वतःची हाडं अजून वाढतच असतात. तिच्या खुणा सहा दाती मेंढीपेक्षा वर असणारच. माणसाच्या हाडांच्या संशोधनासाठी मेंढ्या वापरतात तिथेही दोन वर्षांच्या मेंढीला 'प्रौढ' धरलं की निष्कर्ष गढूळ होतो, तो याचमुळे.

पूर्ण वाढलेल्या, भाकड मेंढीत खुणा खालच्या पातळीवर स्थिरावतात. तिच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, ती तुलनेसाठी उपयोगी.

खरी उलथापालथ गाभणपणात होते. मेंढी साधारण पाच महिने, म्हणजे १५० दिवसांच्या आसपास गाभण असते. पहिले तीन महिने पोटातलं पिल्लू कॅल्शियमच्या दृष्टीने नगण्य असतं. शेवटच्या सहा-सात आठवड्यांत ते झपाट्याने वाढतं आणि त्याच्या हाडांत खनिज भरायला लागतं. तीन किलोचं कोकरू जन्मतं तेव्हा त्याच्या अंगात सुमारे ३० ग्रॅम कॅल्शियम असतं, आणि त्यातलं बहुतेक या शेवटच्या टप्प्यात आईकडून आलेलं असतं. वार हे कॅल्शियम ओढून आत पाठवते, इतक्या जोराने की पिल्लाच्या रक्तात ते आईच्या रक्तापेक्षा जास्त असतं.

मग मेंढी विते आणि दूध सुरू होतं. इथे एक छोटा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. ३० किलोच्या दख्खनी मेंढीच्या अंगात रक्त सुमारे दोन लिटर. त्यातला पेशी सोडून उरणारा पातळ भाग दीड लिटरच्या आत. त्यात एका वेळी असणारं कॅल्शियम दीडशे मिलिग्रॅमपेक्षाही कमी. मेंढीच्या दुधात मात्र लिटरला जवळपास २ ग्रॅम कॅल्शियम असतं, गाईच्या दुधापेक्षा बरंच जास्त. कोकरू दिवसाला अर्धा लिटर दूध प्यायलं तरी १ ग्रॅम कॅल्शियम गेलं. रक्तात एका वेळी जेवढं असतं त्याच्या सात पट, आणि हे रोजचं! चाऱ्यातून येणारं कॅल्शियम या वेगाला पुरत नाही. तिच्या हाडांत तीनशेएक ग्रॅम साठलेलं असतं, तिथून उचल होते.

रक्तात हे स्वच्छ दिसतं. झुरिक विद्यापीठात अ‍ॅनेट लीझेगांग यांच्या गटाने शेळ्या आणि दुधाच्या मेंढ्यांवर केलेलं काम २००६ साली प्रसिद्ध झालं. त्यांनी गाभणपणापासून दुभतेपणापर्यंत त्याच जनावरांचं रक्त पुन्हा पुन्हा तपासलं आणि सोबत पायाच्या हाडाची घनताही मोजली. चौथ्या महिन्यापासून घनता उतरू लागली आणि व्यायल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात तळाला गेली. त्याच आठवड्यात मोडण्याच्या खुणा शिखरावर होत्या, आणि बांधणीच्या खुणा, म्हणजे ऑस्टिओकॅल्सिन आणि हाडाचं एएलपी, सर्वांत खाली. मोडणं जोरात आणि बांधणं जवळजवळ थांबलेलं, अशी स्थिती निरोगी मेंढीच्या आयुष्यात क्वचितच येते. त्यानंतर बांधणीच्या खुणा चढू लागल्या आणि मेंढ्यांची घनता सावरली.

हा आजार नाही. मेंढीचं शरीर ठरवून घेतलेलं हे कर्ज आहे. स्तनग्रंथी स्वतःच एक संप्रेरक सोडते, पॅराथायरॉइडसारखंच काम करणारं, आणि हाडाला कॅल्शियम सोडायला लावते. त्यामुळे भरपूर खनिज खाऊ घातलं तरी या काळातली झीज पूर्ण थांबत नाही. फेड मात्र खाण्यावरच अवलंबून असते. दूध कमी होऊ लागलं, कोकरू तोडलं की खड्डे भरायला सुरुवात होते, आणि वर म्हटलं तसं भरणं महिन्यांचं काम आहे. आपल्याकडे हा काळ पुष्कळदा उन्हाळ्यात येतो, कळप वाटेवर असतो आणि पोटाला वाळलेला पाला. पुढचं गाभणपण सुरू होण्याआधी मेंढीचं कर्ज फिटलं की नाही, हे पाहायला खुणांचा उपयोग व्हावा असं मला मनापासून वाटतं. व्यायल्यानंतरच्या आठवड्यातल्या घाबरवणाऱ्या आकड्यापेक्षा दूध तोडल्यानंतर दोन महिन्यांनी घेतलेला आकडा कितीतरी जास्त सांगून जातो.

जुळ्यांचा भार वेगळाच. दख्खनी मेंढीला बहुतेक एकच कोकरू होतं. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या सुंदरबन भागातल्या गारोळ मेंढीतलं जुळं देणारं जनुक दख्खनी मेंढीत आणलं आणि नारी सुवर्णा तयार केली. हे जनुक म्हणजे फेकबी. ते नेमकं कुठे बसतं ते २००१ मध्ये उलगडलं, आणि तो शोध हाडांवर लिहिणाऱ्याला थक्क करणारा आहे. बदल सापडला तो बीएमपीआर१बी या जनुकात. हे जनुक ज्या ग्राहकाचं, म्हणजे पेशीवर संदेश झेलणाऱ्या प्रथिनाचं आहे, तो 'हाडाला आकार देणारी प्रथिनं' म्हणून आधी ओळखल्या गेलेल्या संदेशांचा. तोच संदेश बीजांडकोशातही चालतो, आणि ग्राहकातलं एक अमिनो आम्ल बदललं की एकाऐवजी दोन-तीन बीजं पिकतात. जुळी झाली की आईच्या हाडातून शेवटच्या आठवड्यांत रोज जाणारं कॅल्शियम जवळपास दुप्पट होतं. जुळी देणारी मेंढी पाळायची तर तिच्या चारापाण्याचा आणि खनिज मिश्रणाचा हिशेबही जुळ्यांचाच हवा.

उचल वेळेवर झाली नाही तर काय होतं, हे मेंढपाळांनी पाहिलेलं असतं. गाईला दुग्धज्वर येतो तो व्यायल्याच्या आसपास. मेंढीत रक्तातलं कॅल्शियम कोसळतं ते बहुधा विण्याच्या आधी, शेवटच्या काही आठवड्यांत. लांबची चाल, अचानक आलेला पाऊस, एखाद्या दिवसाची उपासमार, ट्रकमधला प्रवास एवढं निमित्त पुरतं. खाणं थांबलं की आतड्यातून येणारं कॅल्शियम थांबतं, पिल्लाची ओढ मात्र थांबत नाही, आणि मोडणाऱ्या पेशींना वेग घ्यायला वेळ लागतो. मेंढी लटपटते, बसते, मान टाकते. डॉक्टरांनी कॅल्शियम बोरोग्लुकोनेट दिलं की तासाभरात उठून उभी राहते. जुळ्यांच्या गाभणपणात उपासमारीने होणारा दुसरा आजारही असाच दिसतो, पण त्यात कॅल्शियमने अशी सुधारणा होत नाही. हाडांत तीनशे ग्रॅम असताना रक्तात काही मिलिग्रॅम कमी पडून जनावर दगावू शकतं, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की साठा आणि वेग यांतला फरक कधी विसरत नाही.

म्हाताऱ्या मेंढीच्या खुणा खाली असतात. बाईला पाळी जाते तशी मेंढीला जात नाही, त्यामुळे त्या कारणाने वाढणारी झीजही तिच्यात नाही. माणसाचा अस्थिक्षय, म्हणजे हाडं विरळ होणं, अभ्यासायला मेंढी सोयीची असते, वजन आपल्याशी मिळतंजुळतं, हाडं मोठी, स्वभाव गरीब. पण निव्वळ बीजांडकोश काढून तिची हाडं पुरेशी विरळ होत नाहीत. म्हणून संशोधक जोडीला स्टेरॉइड किंवा कॅल्शियमची कमतरता असलेला आहार देतात. शिवाय युरोपातल्या मेंढ्यांत ऋतूप्रमाणेही खुणा खालीवर होतात. दिवस लहानमोठा होणं तिच्या शरीराला कळतं, माजावर येणंही त्यावरच ठरतं. सुरुवातीचं रक्त हिवाळ्यात आणि औषधानंतरचं उन्हाळ्यात घेतलं तर दिसणारा फरक औषधाचा की सूर्याचा, हे कसं ठरवणार? म्हणून शेजारी औषध न दिलेल्या मेंढ्यांचा गट त्याच दिवशी तपासावाच लागतो.

काही खबरदारी रक्त घेतानाच घ्यायची असते. ऑस्टिओकॅल्सिन नाजूक आहे. ट्यूब उन्हात राहिली किंवा रक्तपेशी फुटून सीरम लालसर झालं की ते तुटतं आणि आकडा खोटा येतो. त्यामुळे बर्फाचा डबा हवाच. रक्त दर वेळी सकाळी ठरलेल्या वेळेला घ्यावं, कारण खुणा दिवसभरात आणि खाण्याप्रमाणे बदलतात. किट माणसासाठी बनवलेलं असेल तर ते मेंढीचं प्रथिन ओळखेलच असं नाही, ते आधी पडताळावं लागतं. सीटीएक्सचं त्या मानाने बरं आहे. ज्या आठ अमिनो आम्लांच्या तुकड्यावर ती तपासणी बेतली आहे, तो माणसात आणि मेंढीत सारखाच असल्याने मेंढीवरच्या संशोधनात ती सर्रास वापरली जाते. या तुकड्याची आणखी एक खुबी आहे. त्यातलं एक अमिनो आम्ल काळाबरोबर आपली ठेवण बदलतं. कोवळ्या हाडातून निघालेला तुकडा एका ठेवणीचा, मुरलेल्या हाडातून निघालेला दुसऱ्या. म्हणजे कातरण नव्या वाघरीची की जुन्या, हेसुद्धा ओळखता येतं.

एक मर्यादा उरतेच. कोणतं हाड झिजतंय, ते रक्त सांगत नाही. कण्याचं, पायाचं, जबड्याचं, सगळ्यांचं कातरण एकाच प्रवाहात मिसळलेलं असतं.

त्या दिवशी आबांना मी एवढं सगळं सांगितलं नव्हतं. ट्यूबवर चिकटपट्टी लावून कानाचा नंबर लिहिला आणि विचारत गेलो: दात किती, गाभण किती महिन्यांची, मागच्या वेळी कधी व्याली, एक होतं की जुळी, दूध कधी तोडलं, महिनाभरात किती चालली. आबा मेंढीचं तोंड बघायचे आणि सांगायचे. "ही आखाडात व्याली व्हती, दोन झाली, एक गेलं. दूध दिवाळीपतोर पाजलं." वही त्यांच्याकडे नव्हती. चाळीस ट्यूबा भरेपर्यंत ते एकदाही अडखळले नाहीत, आणि प्रयोगशाळेतून आकडे आले तेव्हा त्या चिकटपट्ट्यांवर आबांनी सांगितलेलं वाचतच मी एकेक आकडा लावत गेलो.